तळघरातली थाप

आगाशेकाका कुठल्याही घरात शिरले की आधी एक टाळी वाजवत. पासिर रिसच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा चपला काढून थेट हॉलच्या मधोमध उभे राहिले. टाळी वाजवली, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "भिंती बऱ्या आहेत. राहा सुखाने." माझी बायको मुग्धा हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली.

काका आर्किटेक्ट. तरुणपणी पुण्याहून सिंगापूरला आले आणि इथल्या इमारती उभ्या करता करता म्हातारे झाले. राहायला आमच्याच ब्लॉकमध्ये, वरच्या मजल्यावर. "घर डोळ्यांना फसवतं रे, कानांना नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुमतीकाकू गेल्यावर मात्र ते घरात थांबेनासे झाले. दिवसभर खाली व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर बसलेले असत. वर का जात नाही विचारलं तर म्हणत, "काय जायचं? घर नाही ते, खोका आहे नुसता."

म्हणून आम्ही स्पेनला निघालो तेव्हा त्यांनाही बरोबर घेतलं. कोर्दोबाची जुनी मशीद पाहायची त्यांची फार इच्छा होती. लाल-पांढऱ्या कमानींचं ते रान, खांबांमागे खांब, आणि ऐन मध्यावर नंतर उठवलेलं चर्च. काकांनी हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"आज टाळी नाही?" मी विचारलं.

"अरे, एकाच्या घरात दुसऱ्याने घर केलंय. आपण गप्प राहावं."

दुपारी जवळच्या गल्लीत जेवलो. वांग्याच्या तळलेल्या कापांवर चक्क काकवी घातलेली. काका खूश! "सुमती असती तर म्हणाली असती, जरा तिखट भुरभुरा!" खानावळीच्या मालकीणबाई, कार्मेन, काकांना खाताना कौतुकाने पाहत होत्या. ते आर्किटेक्ट आहेत कळल्यावर त्या आम्हाला खानावळीखालचं जुनं विटांचं तळघर दाखवायला घेऊन गेल्या.

खाली गारवा होता. काकांनी टाळी वाजवली. ती उमटलीच नाही, कापसात पडावी तशी विरून गेली. काका पुन्हा हात उचलणार, तेवढ्यात समोरच्या भिंतीतून आवाज आला. टाळी नव्हे, थाप. मऊ, एका हाताची. थोड्या वेळाने आणखी एक.

मुग्धाने माझा दंड धरला. "पलीकडे काय आहे?" मी विचारलं.

"माती," कार्मेन तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. त्याही भिंतीकडेच बघत होत्या. "हे आम्ही कधी ऐकलं नाही."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ते घाबरलेले नव्हते. बाहेर उन्हात आल्यावर हळूच म्हणाले, "पक्षाघाताने उजवा हात आणि वाचा गेल्यावर सुमती मांडीवर थाप मारून हाक मारायची. अगदी अशीच."

"काका, पाइप असतील जुने," मी म्हणालो.

"आयुष्यभर पाइपच टाकले रे मी," काका म्हणाले. "पाइपचा आवाज मला कळतो."

परतताना मुग्धाने त्यांना जवळजवळ ओढूनच विमानतळावर आणलं. सिंगापूरला मात्र त्यांचं लक्ष लागेना. जेवताना मध्येच घास थांबवून कान टवकारत. काही महिन्यांनी लहानशी बॅग घेऊन दारात उभे. मुग्धा रडली, रागावली. "या वयात एकटे? कशासाठी काका?"

"पोरी, हाक ऐकूनही जायचं नाही, हे मला नाही जमणार."

मीच त्यांना चांगी विमानतळावर सोडलं.

कार्मेनबाईंचा फोन आला तेव्हा आम्ही हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो. काकांनी त्यांच्याकडे माझा नंबर देऊन ठेवला होता. काका रोज दुपारी तिथे जेवत, मग तळघरात खुर्ची टाकून बसत. आज वर आले नाहीत. बाई खाली गेल्या, तर भिंतीला डोकं टेकून शांत झोपल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, हृदय.

"शेवटी कोणाशी तरी फोनवर बोलत होते," बाई रडत म्हणाल्या. "मी जिन्यावरून ऐकलं. पण खाली फोन लागतच नाही हो. आणि त्यांचा फोन तर वर, टेबलावर होता."

"काय म्हणत होते?"

"हॅलोच म्हणत असावेत. आमच्या भाषेत फोनवर काही जण 'अलो' म्हणतात ना, तसं. आलो. आलो गं. आलो."

मी त्यांना अर्थ सांगितला नाही. फोन ठेवला. मुग्धा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काका पोचले," मी म्हणालो.