खिळ्याला टांगलेलं झाकण

पुनाभाऊ,

तुमच्याबद्दल लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, माझ्यात लिहायसारखं काय शे? पंपाचं लिहा." पंपाचं मला काही कळत नाही, आणि तुमचंही सगळं कळलं असा माझा दावा नाही. पण १९९३ सालच्या मे महिन्यातली ती शनिवारची दुपार मला पाठ आहे. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं ते पुढे तुम्हीच तुकड्यातुकड्यांनी सांगितलंत. म्हणून गोष्ट तुमच्या बाजूने सांगते. तिच्यात एक तोंडाळ बाई येते ती मीच. तिला मी सूट देणार नाही.

पुना मूळचा भडगावकडचा, गिरणाकाठचा. विसाव्या वर्षी जळगावात आला. शिरसोली रस्त्याला एक विटांची भिंत आणि तीन बाजूंना पत्रा अशी शेड टाकली आणि पंचवीस वर्षं त्याने पंप दुरुस्त केले. डिझेलचे, विजेचे, विहिरीवरचे, नदीवरचे. उन्हाळ्यात पंप बंद पडला की केळीवाला शेतकरी डॉक्टरच्या आधी पुनाला बोलावी, कारण मे महिन्यात चार दिवस पाणी चुकलं तर बाग बसलीच.

पंपाच्या तक्रारी बहुतेक एकाच जातीच्या असतात. पंप फिरतो, पण पाणी ओढत नाही. विहिरीत सोडलेल्या पाइपाला कुठेतरी केसाएवढी फट असते आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढत बसतो. ती फट डोळ्यांना दिसत नाही. पुना ती ओल्या फडक्याने शोधायचा. एकेका जोडावर ओलं फडकं आवळून धरायचं आणि आवाज ऐकायचा. आवाज बदलला की फट तिथेच. मोटारगाड्यांना मात्र तो हात लावत नसे. लावला तो एकाच गाडीला, तोही मेव्हण्यासाठी.

मेव्हणा म्हणजे हिलाल, पुनाच्या बायकोचा, ताईबाईचा, धाकटा भाऊ. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंकडे तो आठ वर्षं ड्रायव्हर होता. बाईंचे यजमान डॉक्टर. जर्मनीहून परतताना त्यांनी १९७५ सालची एक गाडी बोटीने आणली होती. डॉक्टर गेले, गाडी राहिली. तिला कार्ब्युरेटर नव्हता. एक पेटी आत जाणारी हवा मोजायची आणि जेवढी हवा तेवढ्या पेट्रोलच्या पिचकाऱ्या इंजिनात सुटायच्या. जळगावात तशी दुसरी गाडी कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे ती समजणारा मेकॅनिकही नव्हता.

त्या मे महिन्यात गाडी बिघडली. उभ्या जागी इंजिन दम लागल्यासारखं वरखाली होई, आणि चौकात थांबलं की बंद पडे. रतिलाल नावाच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, नळी सोडवली, पेट्रोलचं बोट हुंगलं आणि सांगून टाकलं, "बाई, यात रॉकेल आहे."

पेट्रोल भरायचं काम हिलालचं, म्हणजे ते विकून रॉकेल मिसळणाराही तोच. बाईंना निकाल द्यायला कधीच वेळ लागत नसे. शेजारच्या रिक्षा स्टँडवरचे सात-आठ जण ऐकत असताना त्यांनी फाटकात उभं राहून हिलालला विचारलं, "आठ वर्षांत किती रॉकेल पाजलंस रे माझ्या गाडीला?"

दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर त्याचं नाव रॉकेल पडलं.

"काय रॉकेल, चहा ठेवायचाय. स्टोव्हात भर की थोडं."

"बिड्या विझवा रे, रॉकेल चालला!"

हिलाल बहिणीच्या घरी येऊन न जेवता बसून राही. ताईबाईने आपल्या अहिराणीत नवऱ्याला धरलं.

"मना भाऊ चोर नही शे. तुम्ही बठ्ठा गावना पंप उघाडतस, एक गाडी उघाडाले काय व्हस?"

"गाडी म्हंजे पंप नही शे," पुना म्हणाला.

"हवा ते वढस ना ती? मंग?"

हवा ओढते ना, मग झालं. पुनाने बाईंना निरोप धाडला, गाडी एकदा मला पाहू द्या.

बाईंनी शनिवारी संध्याकाळी सहापर्यंतची मुदत दिली. रविवारी त्यांना बैठकीसाठी धुळ्याला जायचं होतं, आणि सहा वाजता नवा ड्रायव्हर शेडवरच भेटायला येणार होता. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः उभं राहून टाकी रिकामी करवली आणि दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून घेतलं. तरी गाडी तशीच. रतिलालकडे उत्तर तयार होतं. "नळ्यांमध्ये रॉकेल राहिलंय, बाई. एकदोन दिवसांत निघून जाईल. मग बघा कशी पळते."

म्हणजे गाडी नाही सुधारली तरी हिलाल चोर, आणि सुधारली तर जास्तच चोर. हे पुनाच्या ध्यानात आलं होतं. आणि पेट्रोल चोरणारा म्हणून हाकललेल्या ड्रायव्हरला जळगावात दुसरं कोण ठेवणार?

तीन वाजता गाडी शेडवर आली. वाटेत चारदा बंद पडली होती. पत्रा तापून कडकड वाजत होता. बाई लोखंडी खुर्चीत बसल्या, मांडीवर परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा, हातात लाल पेन.

"पुनाभाऊ, सहाला मी उठणार. तुमचा मेव्हणा आहे म्हणून मिनिटभरही जास्त मिळणार नाही."

"बरं."

"रतिलालने साबणाचं पाणी लावून पाहिलंय सगळीकडे. एक बुडबुडा आला नाही."

"तो पंक्चर शोधत होता, बाई. पंक्चरची हवा बाहेर येते. ही आत जात असणार. बुडबुडा कुठून येईल?"

पुनाने इंजिन सुरू करायला लावलं, ते बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटरची तार जराशी ओढून बांधली, धोतराचं फडकं बादलीत बुडवलं आणि हवेच्या पेटीपासून सुरुवात केली. मोठं रबरी वळण. आवाज तोच. वळणाचा दुसरा जोड. तोच. बोटाएवढ्या नळ्या एकेक करून. तोच. वाळलेलं फडकं तो पुन्हा भिजवी आणि पुढच्या जोडाला आवळी. मग दोन हात लांब नळी घेऊन तिचं एक टोक त्याने कानाला लावलं आणि दुसरं इंजिनभर फिरवलं. सगळीकडे फुसफुस ऐकू येत होती, म्हणजे कुठलीच कामाची नव्हती. विहिरीवर त्याला या कामाला अर्धा तास पुरे. इथे साडेचार वाजले. घामाने नळी हातातून निसटू लागली.

हिलाल भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तो गाडीकडे पाहतही नव्हता. रस्त्यावरून एक रिक्षा गेली आणि आतून हाक आली, "रॉकेल हाय का?" हिलालने मान खाली घातली. पुनाने ते ऐकलं आणि फडकं पुन्हा पहिल्या जोडावर गुंडाळलं. पाहून झालेलंच तो पुन्हा पाहत होता, कारण नवीन जागा उरली नव्हती.

"पंधरा पेपर झाले माझे," बाई म्हणाल्या. "तुमचं किती झालं?"

"बाई, या गाडीचं पुस्तक असेल ना?"

"आहे कप्प्यात. इंग्रजी आहे. आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचं काम मी करतो. तुम्ही फक्त वाचा. हवेचं जिथं असेल ते."

बाईंनी चष्मा वर सारला, पानं उलटली आणि कंटाळलेल्या आवाजात मराठी करत वाचू लागल्या. "मोजणाऱ्या पेटीच्या पुढे कुठूनही हवा आत शिरली तर तिची मोजदाद होत नाही. इंजिन अडखळतं, बंद पडतं. हे तर दिसतंच आहे. रबरी नळ्या तपासा. ते झालं तुमचं. तेल मोजायची पट्टी नीट खाली बसलेली असावी. तेल ओतायच्या तोंडाचं झाकण हवाबंद असावं. आता तेलाचा आणि हवेचा काय संबंध? जाऊ दे, पुढचं वाचते."

"नका," पुना म्हणाला. "थांबा तिथंच."

महिन्याभरापूर्वी हिलालने गाडी तेल बदलायला शेडवर आणली होती आणि तो चहाला गेला होता. पुनाने तेलाचं झाकण काढून पाहिलं तर त्याला एकही भोक नाही. विहिरीवरच्या प्रत्येक डिझेल इंजिनाला वर श्वासाचं भोक असतं. त्यातून गरम वाफ फुकफुक बाहेर पडते. ते भोक बुजलं तर आत दाब चढतो आणि तेल सांध्यांतून बाहेर यायला लागतं. शेतकऱ्यांच्या इंजिनांची असली बुजलेली भोकं मोकळी करणं हा पुनाचा हातखंडा. जर्मन माणूस विसरला असेल असं म्हणून त्याने झाकणाच्या कडेखाली तीन बारीक भोकं पाडली, धूळ जाऊ नये म्हणून आतून तारेची जाळी बसवली आणि झाकण लावून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंच नव्हतं. शेडवरून घरापर्यंत गाडी वाटेत कुठे न थांबता गेली म्हणून हिलाललाही काही कळलं नाही. मग बाई तीन आठवडे बहिणीकडे पुण्याला गेल्या आणि गाडी उभी राहिली. त्या परतल्या त्या दिवशी हिलालने पेट्रोल भरलं, आणि पहिल्याच चौकात गाडी बंद पडली.

पुना इंजिनावर वाकला. अंगठा आणि दोन बोटं त्याने झाकणाच्या कडेखाली दाबली. बोटांची कातडी आत ओढली गेली. डिझेलचं भोक फुंकतं, हे ओढत होतं. आणि इंजिनाचा आवाज एकदम सरळ झाला. त्याने बोटं उचलली. आवाज पुन्हा लडखडला.

कोणाचं लक्ष नव्हतं. बाई पेपरात होत्या, हिलाल रस्त्याकडे पाहत होता. झाकण उचलून आत न्यायचं, तिन्ही भोकं कथलाचा डाग देऊन बुजवायची, परत लावायचं. पाच मिनिटांचं काम. गाडी घड्याळासारखी चालली असती. आणि बाई म्हणाल्या असत्या, रतिलाल बरोबर बोलला, गेलं रॉकेल निघून. सांगितलं तर? पंचवीस वर्षं लोक त्याच्या हाती इंजिन सोडून बाजाराला जात होते. उद्यापासून समोर उभे राहणार. घरी ताईबाई काय म्हणणार ते वेगळंच. तिच्या भावाचं नाव घालवणारा घरातच जेवत होता.

झाकण तापलेलं होतं. बोटं भाजायला लागली तरी ती त्याने तशीच दाबून ठेवली होती.

"बाई, इकडे या. हिलाल, तू पण ये."

"सापडलं?"

"इथं बोटं लावा."

"भाजेल."

"भाजेल जरा. लावा."

बाईंनी लावली. इंजिन शांत झालं. "काढा." लडखडलं. "पुन्हा लावा." शांत. बाईंनी वाकून कडेखाली पाहिलं, तीन भोकं मोजली, आणि पहिल्यांदा त्यांची नजर गेली ती हिलालकडे.

"ही कोणी पाडली?"

"तिकडं नका पाहू," पुना म्हणाला. "मी पाडली. तेल बदललं तेव्हा. त्याला ठाऊकही नाही. तो चहाला गेला होता."

"तुम्ही? अहो कशाला?"

"इंजिनाला श्वास नव्हता."

"श्वास! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय..."

"पुस्तक आज वाचलं, बाई."

बाईंनी वाद तिथेच सोडला. असं वारंवार होत नसे. हिलालने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दाजी," तो म्हणाला, "तुमच्या तीन भोकांपायी माझं नाव बदललं." तो रागावला असता तर पुनाला सोपं गेलं असतं. पण त्याने बादली उचलली, पाणी फेकलं आणि फडकं वाळत घातलं.

पुनाने सायकलच्या ट्यूबचं रबर कडेभोवती आवळून बांधलं. सहाला नवा ड्रायव्हर आला आणि परत गेला. रविवारी हिलालच गाडी घेऊन धुळ्याला गेला. पारोळ्याच्या चौकात चहाला थांबले तेव्हाही बाईंनी इंजिन मुद्दाम चालू ठेवायला सांगितलं. ते बंद पडलं नाही.

पंधरा दिवसांनी पुनाने लेथवर नवं झाकण करून घेतलं, बिनभोकाचं, आणि जुनं विटांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. येणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतः सांगे, ही भोकं माझी. शेतकरी हसत. "पुनाभाऊ, आमच्या इंजिनाला विचारून पाडा बरं!" पण स्टँडवर कोणी ऐकेना. त्यांचं म्हणणं, मेव्हण्याला वाचवायला अंगावर घेतलंय. रॉकेल हे नाव काही पुसलं जाईना.

पुनाभाऊ, मी नवं झाकण न्यायला आले तेव्हा तुम्हाला विचारलं, "काय देऊ?" तुम्ही म्हणालात, "काही नको. दोन ओळी द्या, तुमच्या अक्षरात. पेट्रोल चांगलं होतं, भोकं पुनाने पाडली. खाली सही. झाकणाखाली चिकटवतो. माझं खरं मानत नाहीत, तुमचं मानतील." मी म्हटलं, "एवढंच ना? उद्या आणते."

उद्या पेपर होते. मग निकाल, मग कॉलेज सुरू झालं. या सबबी आहेत. "पेट्रोल चांगलं होतं" हे लिहायला माझा हात उचलेना, हे खरं. हिलालला मी "राहा" म्हटलं होतं, "चुकलं" म्हटलं नव्हतं. दिवाळीनंतर तो नोकरी सोडून धुळ्याला एका ट्रकवर लागला. तिथे त्याला हिलाल म्हणत.

मी मात्र तेल बदलायला तुमच्याकडेच येत राहिले. दोनदा तुम्ही विचारलंत, "बाई, कागद?" दोन्ही वेळा मी म्हटलं, पुढच्या खेपेला. मग तुम्ही विचारायचं सोडलंत. भिंतीवर पंपांचे तक्ते वाढले, कॅलेंडरं वाढली, सगळी आजूबाजूला. झाकणाखालची वीतभर जागा तुम्ही कशालाही दिली नाहीत, आणि शेड पडेपर्यंत दर दिवाळीला तेवढीच चुन्याने पांढरी करत राहिलात.