नीळ घातलेला चुना

आई गेली आणि मी देवाशी अबोला धरला. तिच्या आजारपणात इतकं मागितलं, पदरात काहीच पडलं नाही. आई मात्र पक्की मेथडिस्ट ख्रिस्ती. रविवारची उपासना तिने कधी चुकवली नाही, आणि आमच्या दारातून दूधवालासुद्धा प्रार्थनेशिवाय सुटत नसे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ती छावणीकडच्या कब्रस्तानात जाऊन बाबांची कबर स्वतःच्या हाताने रंगवायची. चुन्यात चिमूटभर नीळ हवीच. पलीकडे कडुलिंबाखाली नाव पुसलेली एक कबर होती, तीही ती तितक्याच मायेने रंगवायची. ना ओळख ना पाळख, तुला काय पडलंय, असं मी चिडवायची.

"कुणाचं तरी माणूस असंलच की," ती म्हणायची. "उद्या पुनरुत्थानाचा सण, अन् हे एकटंच काळवंडलेलं बरं दिसतं व्हय?"

बाबा आणि ती कबर यांच्या मधल्या जागेतच आम्ही आईला ठेवलं. तिच्यामागचा पहिला ईस्टर आला, तेव्हा वाळूजच्या बसमधून उतरताना मोडलेला माझा पाय प्लास्टरमध्ये होता. सगळ्यांच्या कबरी उजळणार आणि आई-बाबांच्याच पावसाने काळ्या पडलेल्या राहणार, या विचाराने जीव कासावीस व्हायचा. कुणापुढे शब्द टाकायला जीभ रेटेना. शेवटी देवालाच रागाने म्हणाले, तिने जन्मभर तुझी चाकरी केली, आता तूच बघ.

ईस्टरची पहाटेची उपासना कब्रस्तानातच असते, तिला कुबड्या घेऊन रिक्षाने गेले. उजाडलं तेव्हा आईची कबर पांढरीशुभ्र दिसली, बाबांचीही, तीच निळसर झाक. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, नखांत चुना. ते बिडकीनकडचे. लहानपणीच वडील गेले, आईने मामाच्या गावी नेलं, मग इकडे येणं राहूनच गेलं. कडुलिंबाखाली, एवढीच खूण घेऊन आदल्या दिवशी शोधत आले, तर वडिलांची कबर कुणीतरी जपलेली. ती जपणारी बाई आता शेजारीच निजली आहे, हे राखणदाराने त्यांना सांगितलं आणि माझ्या आईने त्याच्याकडे ठेवलेली बादली, कुंचा, नीळ काढून दिली.

"ताई, बापाला चुना लावला अन् तुमच्या आईला तसंच ठिवायचं? मन धजंना," ते म्हणाले.

मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. याला चमत्कार म्हणावं का, ते चर्चच्या पाळकांनी ठरवावं. मी रागाने टाकलेला भारही प्रभूने उचलला, एवढं मला पुरे आहे. त्याचे उपकार कसे मानू?

हल्ली सकाळी दूधवाला आला की मी त्याला म्हणते, दोन मिनिटं थांब. तो मुकाट्याने टोपी काढतो. त्याला सवय आहे.