चालत आल्यावर पुसायच्या रेघा

फोन आला तेव्हा मी दादासाठी मऊ भात लावला होता. कुकरची शिट्टी होत होती, त्यामुळे आधी काही ऐकूच आलं नाही. पलीकडच्या बिचाऱ्या डॉक्टरला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. मी गॅस बंद केला आणि डबा भरला. भरलाच! कुणासाठी, ते कळायला वेळ लागला...

विद्यानगरच्या घरात आम्ही भाऊ-बहीण दोघंच, दोघंही बिनलग्नाची. मी सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत शिकवायची, दादा सरकारी दवाखान्यात हाडांचा डॉक्टर. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, माणसाच्या कमरेचं खरंखुरं हाड. मी किती डोकं फोडलं! "अरे, घर आहे की स्मशान?" तो शांतपणे म्हणायचा, "तू तुझं जेव."

नव्वदीनंतर शहरात नव्या गाड्या आल्या, उंच इमारती उठल्या. आणि गाडीखाली आलेली, परांचीवरून पडलेली माणसं दादाच्या वॉर्डात आली. खुब्याची वाटी फुटलेली असायची, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती. सीटी स्कॅन होतं ते खासगीत, दादाच्या नशिबी साधा एक्स-रे. समोरून काढलेल्या फोटोत सगळ्या रेघा एकीवर एक येतात, म्हणून तो पेशंटला आधी एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर अर्धवट कलता करून आणखी दोन फोटो काढायचा. ते घरी आणून खिडकीशी धरायचा आणि दिसेल तशी रेघ पेन्सिलीने त्या हाडावर मारायचा. वाटीची नुसती मागची भिंत फुटलीय, की तिला तोलणारा खांबच मोडलाय? ऑपरेशन करायचं की पायाला वजन बांधून निजवून ठेवायचं, ते त्यावर ठरायचं.

गौलीगुड्याचा शब्बीर रिक्षावाला मला आठवतो. मी दादाचा डबा घेऊन गेले, तेव्हा त्याला कुशीवर वळवणं चाललं होतं. "हिलाओ नक्को साब, मर जातूं मैं!" त्याची आई माझाच हात धरून रडायला लागली. मी दादावर ओरडले, "एक फोटो बास नाही का रे? कसाई आहेस नुसता!" त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. उशी सरकवत शब्बीरला म्हणाला, "बेटा, नमाजकू बैठना है ना तेरेकू? बस, एक बार." समोरून न दिसलेला भिंतीचा मोठा तुकडा त्या कलत्या फोटोत दिसला. ऑपरेशन झालं. बऱ्याच महिन्यांनी शब्बीर आमच्या घरी चालत आला आणि फरशीवर गुडघे मोडून बसून दाखवलंन त्याने. तेव्हा कुठे दादाने खोडरबर घेतलं आणि त्याची रेघ पुसली. नियमच होता तो. माणूस चालत आला तरच रबर. जे आले नाहीत, त्यांच्या रेघा तशाच राहिल्या. पुष्कळ आहेत त्या. "या गर्दीत नवी कशी कळते तुला?" असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "जुन्यांना मी ओळखतो."

यंदा दादाच न्हाणीघरात पडला. तीच वाटी. तरुण डॉक्टरने पडद्यावर तिचं रंगीत चित्र गरगर फिरवून दाखवलं. दादा म्हणाला, "सुरेख आहे." मग माझ्याकडे वळून, "शालू, हाड आण."

आणलं. आडव्यानेच त्याने रेघ मारली. रेघ भिंतीतून निघून खांबात शिरली. म्हणजे खांबही मोडला होता.

"मग करा म्हण ना ऑपरेशन!"

"माझं हे हृदय ऑपरेशनच्या टेबलावरच थांबेल गं. निजून राहतो."

"शब्बीरला उठवलंस, आणि स्वतःला नाही?" मला इतका संताप आला, इतकी भीती वाटली... त्याने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "चालत आलो की पूस." निजूनच छाती कफाने भरत गेली, आणि मग तो फोन आला. आपण चालणार नाही, हे त्याला रेघ मारतानाच कळलं होतं, असं मला आता वाटतं.

हाड टेबलावरच आहे. परवा कामवाली फडका घेऊन तिकडे वळली, तर अशी काही ओरडले मी की बिचारी दारातच थिजली. रबर मी बरणीशेजारी ठेवलंय. फाटक वाजलं की हात आधी तिकडे जातो.