कापायचे राहिलेले केस

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, त्यामुळे मस्तगड वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून धांदल. नंदाबाईचा एक डोळा हंड्यावर, एक तव्यावर.

"मॅडम, भाकर करपली!" लेक बेबीनंदा हसत ओरडली. सैनिकी शाळेत साहेबलोक आईला मॅडम म्हणतात हे कळल्यापासून ती असंच चिडवायची. आणि खरं सांगायचं तर नंदाबाईला ते चिडवणं गोड लागायचं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक लुगड्यातली बाई. घोट्यापर्यंत धूळ, डोक्यावर बोचकं.

"वळखलं न्हाई का, मावशी? म्या आसराबाई. पिंपळगाव रेणुकाईची. बिरूची माय. शाळेच्या गेटावर पत्ता इचारीत आले."

नंदाबाईनं ओळखलं होतं. शिबिर संपल्यापासून ती याच थापेला भीत होती.

ते सत्त्याण्णव साल. शहराबाहेरच्या त्या निवासी सैनिकी शाळेनं मे महिन्यात एकवीस दिवसांचं उन्हाळी शिबिर ठेवलं होतं. पहाटे पाचला शिट्टी, खाकी चड्डी, घोंगडीची चौकोनी घडी, दोरावर चढणं. पाचवीसाठी पोरं निवडायची ती या शिबिरातूनच, म्हणून खेड्यापाड्यांतले आईबाप पोटाला चिमटा घेऊन पाठवीत. नंदाबाई तिथं पोरांची मावशी. कुणाला न्हाऊ घालणं, कुणाला ताप, कुणी आईच्या नावानं रडतोय, सगळं तिच्याकडे.

पहिल्याच दिवशी लिंबाखाली कटिंग. पोरांची रांग, न्हाव्याच्या हातात मशीन, आणि डोकं धरायला नंदाबाई. बिरूचं डोकं धरलं तेव्हा मागच्या बाजूला तिच्या अंगठ्याला गाठ लागली. वीतभर लांब, तेल लावून वळलेली शेंडी, टोकाला हळदीचा दोरा. तिला सांगायची गरजच नव्हती. तिच्या धाकट्या भावाला, पुंजारामला, अशीच नवसाची शेंडी होती. ती देवीपुढं उतरवली तेव्हा एकही केस भुईला लागू नये म्हणून कोरा खण पसरून नंदाच उभी राहिली होती.

"मावशी, ही देवीची हाय," बिरू पुटपुटला. "सांगा ना त्यांना."

न्हाव्याचं मशीन थांबलं. काखेत छडी घेऊन कमांडंट साहेब आले.

"मॅडम, हे काय आहे?"

सकाळीच सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, गावठी खुळं गेटबाहेर ठेवायची; आणि नंदाबाईकडे बघून, "तुम्ही तर शिकलेल्या, तुम्हाला सांगायला नको." दहावी पास बाईला एवढं पुष्कळ झालं. ते कौतुक अजून अंगावर ताजं होतं. साहेबांनी दरडावलं नव्हतं, नोकरीची भीती घातली नव्हती. नुसतं विचारलं होतं. आणि नंदाबाई अगदी शुद्ध भाषेत म्हणाली,

"काही नाही सर. कापायचे राहिलेले केस आहेत."

बिरूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मशीन फिरलं, शेंडी भुईला पडली, तरी तो रडला नाही. एकवीस दिवस दोरावर चढला, धावला, निवडला गेला. पण पुन्हा एकदाही त्यानं तिला मावशी म्हटलं नाही. ताप चढला तेव्हा ती उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

उंबरा ओलांडून आसराबाईनं बोचकं सोडलं. आत कुरडया.

"पोराला ताप आल्ता तवा तुम्ही लई केलं म्हनं. संगतीच्या पोरानं सांगितलं. आमचं बेनं तर तोंडच उघडत न्हाई."

"आणि... शेंडीचं?"

"जाऊ द्या. साहेबाला काय ठाऊक? देवीपुढं नाक घासलं, चैतात साडीचोळी नेते म्हनलं. देवी काय आपल्यावानी रुसती का?" ती हसली, मग तिचा आवाज उतरला. "पन पोरगं बिलकुल खोटं बोलून राह्यलं, मावशी. म्हनतंय, मावशीला ठाऊक व्हतं. म्या म्हनलं, मावशी आपल्यातली बाई, ठाऊक असतं तर आडवी पडली असती. दोन ठेवून दिल्या. तरी तेच. त्या शाळेत जायचंच न्हाई म्हनतंय."

बेबीनंदानं चहा आणून ठेवला. आसराबाईच्या म्हणण्याला नंदाबाईनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हंडा भरून पाणी मोरीत सांडत होतं, कुणी उठलं नाही.

"ठाऊक व्हतं," नंदाबाई म्हणाली. शाळेतली भाषा कुठल्या कुठं गेली होती. "गाठ हाताला लागली व्हती माझ्या. साहेबांनी मलाच इचारलं. कापायचे राहिलेले केस हायेत, असं मीच सांगितलं."

बेबीनंदा आईकडे बघतच राहिली.

आसराबाईनं चहाला हात लावला नाही. कुरडया तिथंच ठेवून रिकामं फडकं झटकलं, घडी घातली आणि उठली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माफी मागायला नंदाबाईची जीभ उचलेना. उंबऱ्यापर्यंत मागं गेली, दाराची चौकट धरली.

"बाई, एवढं करा. बिरूला सांगा, तो खोटं बोलला न्हाई."