स्कॅब, खरूज आणि धरण्याची खिचडी

१८ जानेवारी, सक्करदरा. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही... लिहायला बसले की आपलं म्हणणं पुरेसं खरं आहे का, याचीच शंका येत राहते. पण काल जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

परवा सकाळी वंदनाचा फोन आला. वंदना माझ्या धाकट्या भावाची बायको, कुहीजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका. सध्या त्यांचा संप चालू आहे आणि कुहीला मंडप टाकून सगळ्याजणी धरण्यावर बसल्या आहेत.

"ताई, स्कॅब मंजे काय जी?"

संपवाल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी तिचा फोटो टाकला होता; त्याचा स्क्रीनशॉट तिने मला पाठवला. अंगणात चूल, चुलीवर मोठा गंज (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात), त्यावर रंगाने लिहिलेला अंगणवाडीचा नंबर, आणि ढवळणारी वंदना. त्याखाली तालुक्याची तरुण सेक्रेटरी जयश्री हिने इंग्रजीत तो एकच शब्द लिहिला होता. संप चालू असताना ही मुलांचा आहार शिजवते, असा त्याचा अर्थ. मग वंदनाला ग्रुपमधून काढूनच टाकलं.

मी म्हटलं, संपफोड्या असा काहीतरी अर्थ असेल, नीट बघून सांगते. आणि बघायला बसले ती बसलेच...

आधी स्पेलिंग. जयश्रीने शेवटी दोन बी लावले होते. नुसत्या शब्दाला एकच लागतो, ‘स्कॅबिंग’ लिहिताना मात्र दोन. मग उगम. नॉर्वे-डेन्मार्ककडच्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात कातडीच्या रोगाचा! आपण खरजेला स्केबीज म्हणतो ना, त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘खाजवणे’ या क्रियापदात, आणि हाही त्याच कुळातला. ‘शॅबी’ सुद्धा याच घरातला. मी आनंदाने खुर्चीतून उठलेच!

रोगावरून जखमेची खपली, मेंढ्यांची खरूज, पुढे नीच माणसाला शिवी, आणि त्यानंतर कामगारांच्या तोंडी, संपात न येणारा किंवा संपकऱ्याच्या जागी कामाला जाणारा. खरूज झालेली मेंढी मेंढपाळ कळपातून वेगळी काढतो... इथे आले आणि माझा उत्साह थोडा ओशाळला. मी शब्दावर खूश होत होते आणि तिकडे वंदनाला वेगळं काढलं होतं.

फोन करून अर्थ सांगितला. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "संप उद्या-परवा मिटन जी. पण पुढची सारी नोकरी याच बायांमंदी काढाची आहे मले."

"पण तू शिजवत काय होतीस?"

"धरण्याचं जेवण! आमच्या गावाची पाळी होती. एवढा मोठा गंज दुसऱ्या कोनाच्या घरी आहे?"

रोज एका गावाने मंडपात जेवण पाठवायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी वंदना घरी थांबून शिजवत होती आणि गंज ऑटोने कुहीला गेला. मग हे सांगत का नाहीस, असं मी विचारलं, तर भडकली. "मी काहून सांगू? जेवल्या तवा समजलं नाही काय त्यायले?"

काल रजा टाकली आणि तिला घेऊन मंडपात गेले. कोणी सरकून जागा दिली नाही. मीच उठले, मोबाईल हातात धरून शब्दाचा अर्थ सांगू लागले. मेंढीपर्यंत आले. आपण भाषण तर ठोकत नाही ना, असं वाटून मी थांबले.

तेवढ्यात शेवंताबाई म्हणून एक वयस्कर सेविका म्हणाल्या, "थो फोटो दाखव बरं." डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि ओरडल्या, "अवं जयश्री, थे ताटातल्या मिरच्या पाय! लेकरायच्या खिचडीत कोनी इतक्या मिरच्या टाकते काय वं?"

चुलीशेजारी भिवापुरी मिरच्यांचं लालभडक ताट होतं. मी तो फोटो किती वेळा पाहिला होता, पण गंजावरचा नंबर सोडून माझं लक्षच गेलं नव्हतं. मंडपात एकच गलका झाला.

"हे तं मंगळवारची खिचडी होय!"

"जिनं नाका-डोळ्यातून पानी काढलं थे?"

"अन् बुडाची खरवड कोनं मांगून खाल्ली? जयश्रीनं!"

जयश्री लाजून अर्धी झाली. जवळ येऊन वंदनाचा हात धरला, "चुकलं वं वयनी, माफ कर." वंदनाने हात सोडवला नाही, पण म्हणाली, "शिवी इंग्रजीत लिवली होती नं? माफी मराठीत लिव. साऱ्यायले वाचता आली पायजे." जयश्रीने तिथेच बसून लिहिली... आणि शेवंताबाईंनी सरकून जागा केली.

परत येताना एक प्रश्न मला सोडेना. वंदनाला विचारलाच. तिने खरंच मुलांसाठी शिजवलं असतं, तर मी अशीच तिच्या बाजूने उभी राहिले असते का?

वंदना म्हणाली, "लेकरं उपाशी दिसली असती तं मी आधी मंडपात येऊन साऱ्यायले विचारलं असतं. संप माझापन आहे नं जी."

माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण तिच्याकडे तिचं होतं, आणि ते ऐकायला मी शेजारी होते, याचं फार बरं वाटतंय.

उद्याचं काम: वंदनाच्या गावाची पाळी पुन्हा आली आहे, बाजारातून कांद्याचं पोतं घेऊन कुहीच्या गाडीत चढवणे.