हिरव्या पाटीचे पाहुणे

इलेक्ट्रिक गाडी घेतली की रस्ता कर माफ होतो, हे मला सरकारने सांगितलं होतं. पण गावकरी चावी काढून घेतात, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मी भोरच्या एका शाळेत हेडक्लार्क. सरकारी परिपत्रकं वाचणं हा माझा पेशा आणि ती दुसऱ्यांना वाचून दाखवणं हा छंद. त्यामुळे गाडी दारात आली तशी मी अख्ख्या आळीची शिकवणी घेतली. "कर माफ, नोंदणी माफ, काही रस्त्यांवर टोलसुद्धा माफ! आणि ही नंबरपाटी बघा, हिरवी!" कुणी विचारलंच, "सरकारी गाडी आहे का हो?" तर मी 'नाही' म्हणत नसे. नुसता गूढ हसत असे. (हे हसू पुढे फार महागात पडलं.)

त्या रविवारी आम्ही वेल्हे तालुक्यात, पासलीच्या अलीकडच्या एका वाडीत निघालो होतो. आमच्या नीलेशसाठी मुलगी बघायला. मुलीचं नाव सारिका, वेल्ह्याच्या दवाखान्यात नर्स. दोघं फोनवर बोलली होती, फोटो पाहिले होते. घरच्यांची गाठ मात्र पहिलीच. बोलावलं होतं बाराला. मी ठरवलं, दहाला पोचायचं. मुलाकडचे वेळेआधी पोचले की वजन पडतं!

कामथडीपाशी मंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, इथे अठ्ठेचाळीस टक्के का दिसतंय?"

रात्री गाडी चार्जिंगला लावली होती. वायर जोडली होती. भिंतीवरचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

"हायवेलाच चार्ज करून घेऊ या," नीलेश म्हणाला.

"काही गरज नाही! येताना उतारच आहे," मी म्हणालो.

जाताना चढ असतो, हे घाटात कळलं. एसी बंद केला, गाणी बंद केली, शेवटी मंदा बोलायचीही बंद झाली. वाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा एकोणीस टक्के उरले होते आणि रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला होता. त्याच्यापुढे तीसेक माणसं उभी. मला भरून आलं. एवढं स्वागत!

सगळ्यांच्या पुढे एक उंच, पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ. हातात विळा. त्यांनी आधी आमची हिरवी पाटी पाहिली, मग मला.

"पाहनीला आलाय का?"

"हो, पाहणीलाच!" मी काच खाली केली. "पसंत पडलं की आजच पक्कं करून टाकू."

"आन आमाला न इचारता?"

"त्यात विचारायचं काय?" मी हसून आभाळाकडे बोट केलं. "हे सगळं वरून ठरलेलं असतं!"

"बगा!" मागून कुणीतरी ओरडलं. "वरनं ठरवूनच आल्यात!"

गृहस्थांचा आवाज खाली आला. "आन काय काय घेनार?"

हुंड्याबद्दल विचारतायत असं वाटून मी छाती काढली. "आमची मागणी काही नाही. तुम्ही राजीखुशीने द्याल ते."

"आन न्हाई दिलं तर?"

"तरी नेणारच!" मी म्हणालो. (इतका उदार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.)

पुढच्या क्षणाला कुणीतरी आत हात घालून चावी काढली. नीलेश खाली उतरून मोबाईलवर पिवळ्या पडलेल्या भाताचा फोटो घेत होता. दोन बायकांनी त्याला धरला. "ह्यो बगा, मोजतोय!" एकीने मंदाच्या मांडीवरची फाईल ओढली. आत नीलेशची पत्रिका होती. चौकोन, रेघा, आकडे!

"नकाशा! नकाशा हाय ह्यो!"

मग उलगडा झाला. रस्ता रुंद करायला मोजणीची माणसं येणार, अशी वाडीत आवई उठली होती. भात आठ दिवसांवर कापणीला आलेलं. उभ्या पिकात कुणालाही उतरू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. आणि आली कोण? तर हिरव्या पाटीची गाडी!

"अहो, गैरसमज होतोय!" मी घाम पुसत म्हणालो. "ही पाटी म्हणजे सरकारचं धोरण—"

'सरकारचं' एवढंच त्यांनी ऐकलं. माणसं गाडीला भिडली. ट्रॅक्टरच्या मागून आणखी दहाजण आले. मंदाने माझा दंड असा चिमटला की धोरण घशातच राहिलं. नीलेश तिकडून ओरडत होता, "बाबा, तुम्ही बोलू नका! काहीच बोलू नका!"

तेवढ्यात एक मुलगी पळत आली. हाताला कणीक तशीच. सारिका!

"आप्पा, सोडा त्यास्नी! मोजनीवालं न्हाईत. बाराला यायचं ते मला बगाया आत्ताच आल्यात!"

आप्पा म्हणजे विळेवाले गृहस्थ. म्हणजे मुलीचे वडील! मला वाटलं, सुटलो.

आप्पांनी मात्र विळा खाली केला नाही. त्यांनी माझी वाक्यं एकेक आठवली. "म्हंजी... पोरीच्या घरी न इचारता पक्कं करनार. आन न्हाई दिली, तरी नेनार."

मी मान हलवली. कुठल्या दिशेला, ते आठवत नाही.

"ह्याच्यापरीस मोजनीवालं बरं!" आप्पांनी चावी माझ्या हातात आपटली. "हितं पोर द्यायची न्हाई. गाडी फिरवा."

गाडी फिरवून जाणार कुठे? वेल्ह्यापर्यंत पोचलो असतो, पुढे ढकलत! मी हे सांगणार, तोच मंदा खाली उतरली.

"आप्पा, यांचं बोलणं मनावर घेऊ नका. तीस वर्षांत मी घेतलं नाही."

दोन-चार बायका हसल्या. आप्पा हसले नाहीत. नीलेश पुढे आला. चेहरा पांढराफटक, पण सरळ सारिकाकडे बघत म्हणाला, "मी तुम्हाला विचारायलाच आलोय. नाही म्हणालात तरी राग नाही. फक्त चार्जिंग होईपर्यंत थांबू द्या."

सारिका फिसकन हसली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग गोठ्याकडे हात केला. "थितं वायर लावा. तवर दोगं बोला. पोर म्हनंल ते." मग माझ्याकडे वळले. "तुमी हितं बसा. गप."

गोठ्यातल्या वीजजोडणीवर गाडी मुंगीच्या पावलांनी भरत होती. नीलेश आणि सारिका बांधावर बोलत होती. मी आप्पांशेजारी ओट्यावर, तोंड मिटून. एक म्हैस सारखी वायरीकडे बघत होती. तिने ती ओढली असती, तरी सांगायची माझी हिंमत नव्हती.

दिवस कलला तेव्हा दोघं परत आली. सारिका म्हणाली, "आप्पा, मला चालंल. पन नोकरी सोडनार न्हाई."

"सोडायची कशाला?" नीलेश म्हणाला.

आप्पांनी पहिल्यांदाच विळा खाली ठेवला. "मग या पंधरा दिसांनी सुपारी फोडाया. भात निघालेलं आसंल. फकस्त फुडचं बोलाया कुनीतरी शाना मानूस आना."

"मी आहेच की!" मी म्हणालो.

"नको!" दोन्ही घरं एका सुरात ओरडली. सोयरीक खरी जुळली, ती त्या क्षणाला.