पहिल्या टीमचा फोटो

ब्रिजिट डिमेलो आयुष्यात एकदाही बर्फावर उतरली नाही. तरी अबुधाबीतल्या या युनिव्हर्सिटीची मुलींची आइस हॉकी टीम तिने उभी केली, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. माझी अवनी त्या टीममधून खेळते, म्हणून मला थोडंफार माहीत आहे. बाकीचं ब्रिजिटने सांगितलं, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

ती वसईची. हिलरीशी लग्न करून इथे आली. तो हॉटेलात नोकरीला होता. तो वारला, पण ब्रिजिट मागे फिरली नाही. युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या स्पोर्ट्स ऑफिसात सेक्रेटरी म्हणून राहिली. माझ्याहून बरीच मोठी, पण पहिल्याच भेटीत म्हणाली, “अहो-जाहो केलंस तर बोलणार नाय हां मी!”

दहाएक वर्षांपूर्वी जुलेखा नावाची इथलीच एक अरब मुलगी तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. “मिस ब्रिजिट, हमको आइस हॉकी खेलना है.” सोबत मैत्रिणींचा घोळका. ब्रिजिट साहेबांकडे गेली. साहेब हसून “इन्शाल्ला” म्हणाले. इथे साहेबाने त्या सुरात इन्शाल्ला म्हटलं की काम झालं नाही असंच समजायचं. ब्रिजिटनेही ते समजून घेतलं आणि सरळ मुलींच्या आयांकडे गेली.

जुलेखाच्या आईच्या बैठकीत तिला कडू कॉफी मिळाली. पुरे झाल्यावर पेला हलवायचा असतो, हे हिला कुठे ठाऊक! त्या ओतत राहिल्या, ही पीत राहिली. शेवटी त्या बाईलाच हसू आलं, आणि बोलणं सुरू झालं. बाईंना हिंदी येत होतं. जुन्या पिढीतल्या पुष्कळ जणांना येतं. त्यांनी दोनच अटी घातल्या. मुली खेळतील तेव्हा आत एकही पुरुष नको, आणि फोटो नको. एकसुद्धा नको. बर्फावर मुलींच्या डोक्यावर ओढणी राहणार नाही, ते चित्र घराबाहेर जायला नको.

“मेरा जबान,” ब्रिजिट म्हणाली. बाकीच्या आयांनी जुलेखाच्या आईकडे बघून मुली पाठवल्या.

पुढची काही वर्षं ब्रिजिट बर्फाच्या रिंकच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. आत जाणाऱ्या प्रत्येकीचा फोन तिच्या प्लॅस्टिकच्या टबात. डीनबाई आल्या, त्यांचाही टबात. काचांना तिने स्वतः पडदे शिवून लावले. बर्फ करणारं मशीन बिघडलं तर मेकॅनिक दाराबाहेर थांबे आणि मुली बाहेर पडून गाडीत बसेपर्यंत ब्रिजिट त्याला आत सोडत नसे. शिकवायला रिंकवरची एक रशियन बाई मिळाली. स्केट्सना धार लावायला ब्रिजिट मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये जायची. तिथला अजीज आधी म्हणाला, “मॅडम, ये चाकू है या चप्पल?” मुलींच्या लेस ती स्वतः आवळायची, का तर त्यांची नखं मोडतात. असे लाड!

दुबईच्या टीमला पहिल्यांदा हरवलं, त्या दिवशी मुली रडल्या, हसल्या, बर्फावर लोळल्या. ब्रिजिट दारातून बघत होती. त्याचा फोटो नाही, तेव्हा इतिहासाच्या लेखी ते घडलंच नाही.

मग नवे डायरेक्टर आले, कॅनडाचा कोच आला. ते म्हणाले, ज्यांची हरकत नाही अशा मुली घ्या, फोटो काढा, इन्स्टाग्रामवर टाका. माझ्या अवनीची हरकत नव्हतीच, माझीही नव्हती. काळ बदलतो, बदलू दे. पण आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं आणि वर बीळही आपणच खणलं म्हणायचं, याचा मला संताप येतो.

यंदा टीमला दहा वर्षं झाली. इतिहासाची एक भिंत करायचं ठरलं. काम निनादकडे. हा आमच्याच रीम आयलंडवरचा, पुण्याचा, युनिव्हर्सिटीच्या मार्केटिंगमधला. ब्रिजिटने त्याला पहिल्या टीमची सगळी नावं सांगितली. तो म्हणाला, “ब्रिजिट मॅडम, नावं ओके, पण व्हिज्युअल कुठंय? फोटो नसेल तर आपण टीम कोच आल्यापासून सुरू झाली असं दाखवू. सिंपल.”

ब्रिजिटला हे फार लागलं. तिने लंडनला राहणाऱ्या जुलेखाला फोन केला, आणि तिथे नवीनच भानगड निघाली. जुलेखाने एक फोटो काढला होता! दुबईला हरवलं त्या दिवशी, टबात एक फोन टाकून दुसरा ग्लोव्हमध्ये लपवून. तिने तो लगेच पाठवला. “मिस ब्रिजिट, दे दो उनको. मैं अभी बच्ची नहीं हूँ.”

ब्रिजिटने तो मला दाखवला. मोकळ्या केसांच्या, घामेजलेल्या मुली, एकीच्या नाकातून रक्त, आणि सगळ्या खदाखदा हसताहेत. मी म्हटलं, “दे निनादच्या तोंडावर फेकून.”

“जबान जुलेखाला नाय दिली, तिच्या आईला दिली,” ती म्हणाली. “आनि बाकीच्या पोरींचं काय?”

“मग पुसून टाक.”

ते मात्र तिच्याने झालं नाही. सगळ्या आयुष्याच्या कमाईचा तेवढाच एक फोटो, तो कसा पुसणार?

निनादला तिने फोटो नाही म्हणूनच सांगितलं, पण नावांसाठी भांडली. शेवटी तो म्हणाला, “टेन्शन नका घेऊ, नावं लागतील. व्हिज्युअलचं मी बघतो.” ब्रिजिट हरखली. तिने जुलेखाच्या आईला फोन करून बोलावलं. तुमच्या मुलीचं नाव भिंतीवर लागणार, या.

समारंभाला मी होते. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. पहिल्याच चौकटीत मोठ्या अक्षरांत ‘आमची पहिली टीम’, खाली ब्रिजिटच्या मुलींची नावं, आणि वर कॉम्प्युटरने बनवलेलं चित्र. कोण कुठल्या गुळगुळीत पोरी, एकसारखे दात. मधोमध एक उंच, दाढीवाला पुरुष, दोन मुलींच्या खांद्यांवर हात टाकून उभा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निनादला गाठून विचारलं, हा कोण? “अहो, टीम म्हटलं की कोच येणारच ना! एआयने टाकला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय इंग्लिशमध्ये, काल्पनिक आहे म्हणून.”

अवनी माझा दंड ओढत होती. “आई, चिल. इट्स जस्ट अ पिक्चर.”

जुलेखाची आई चित्रासमोर उभी होती. बरोबर थोरल्या मुलाची मुलगी, बारा-तेरा वर्षांची. तिलाही पुढे या टीममध्ये यायचं होतं. बाईंनी जुलेखाचं नाव बोटाने शोधलं. मग तेच बोट वर, त्या पुरुषावर गेलं.

“ब्रिजिट, ये आदमी कौन?”

“कोई नहीं है मॅडम! झूठा है, कॉम्प्युटर ने बनाया. आदमी कभी अंदर आया नहीं.”

“नाम सच्चा, फोटो झूठा?” बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी नातीचा हात धरला. “मैंने सब माँ लोग को बोला था, ब्रिजिट है, डरो मत.”

ब्रिजिट पांढरीफटक पडली. इतकी वर्षं दार राखलं, आणि खोटी ठरली ती. तिने पर्समधून फोन काढला आणि तो फोटो उघडला. मी तिच्याकडे बघत होते आणि मनातून ओरडत होते, नको. पण दुसरं तिच्याजवळ होतं काय?

बाईंनी फोन हातात घेतला. एकेक चेहरा पाहिला. लेकीच्या मोकळ्या केसांवर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

“आदमी नहीं है,” त्या म्हणाल्या.

ब्रिजिटचा जीव भांड्यात पडला. “वही तो बोलती मैं, मॅडम.”

“लेकिन फोटो है,” बाई म्हणाल्या, “और तुम्हारे पास है.”

त्यांनी फोन ब्रिजिटच्या हातात परत दिला, नातीला “यल्ला” म्हटलं आणि दाराकडे निघाल्या. पोरगी वळून वळून भिंतीकडे बघत गेली.